बिनतक्रार हंगाम

बारामती-इंदापूर बुल्स या संघाने पहिल्याच हंगामात दहा सामने खेळले आणि दहाच्या दहा गमावले. एरवी संघ हरला की लोक म्हणतात, पोरं कमी पडली, कोच कमी पडला, नशीब कमी पडलं. बुल्सच्या बाबतीत असलं काही झालं नाही. बुल्स हरले ते महिपतराव मारकडांच्या सचोटीमुळे. ही काही निंदा नव्हे; ही कारखान्याच्या सभेत टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालेली गोष्ट आहे.

मुळात या तालुक्यांत अमेरिकन फुटबॉल आला कसा, ते आधी सांगायला हवं. नीरामाई सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन विजयसिंह इथेनॉल बघायला म्हणून अभ्यास दौऱ्यावर अमेरिकेला गेले. इथेनॉल राहिलं बाजूला. तिथल्या यजमानाने एका रविवारी त्यांना स्टेडियमवर नेलं. ऐंशी हजार माणसं बसलेली, आणि त्यातलं एकही ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणलेलं नाही, हे कळल्यावर चेअरमनसाहेबांचे डोळे भरून आले. परत येतात तोच मुंबईच्या एका कंपनीने या खेळाची लीग काढली आणि देशभरात आठ संघ द्यायचे ठरवले. नीरामाईने त्यातला एक घेतला.

पहिले दोन महिने नावातच गेले. बारामती आधी की इंदापूर आधी, यावर संचालक मंडळाच्या चार बैठका झाल्या, दोनदा सभात्याग झाला. शेवटी तोडगा निघाला: सामना बारामतीत असेल तर बारामती-इंदापूर, इंदापुरात असेल तर इंदापूर-बारामती. शर्टांचे दोन जोड शिवून घेतले. बाहेरगावी कुठला जोड घालायचा हे न ठरल्यामुळे नागपूरचा सामना अर्धा संघ एका नावाने आणि अर्धा दुसऱ्या नावाने खेळला.

खेळ तसा सोपा आहे. अंड्यासारखा लांबट चेंडू असतो. तो घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचं. चार प्रयत्नांत किमान दहा वार पुढं सरकायचं, म्हणजे नऊवारी लुगड्यापेक्षा एक वार जास्त. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. एकजण चेंडू लांब फेकतो, बाकीचे काहीजण पुढं पळतात आणि त्यातला एकजण तो झेलतो. हद्दीच्या रेषेपलीकडं झेलला की सहा गुण, वर लाथेने चेंडू खांबांमधून घातला की आणखी एक. फेकणारा म्हणून चेअरमनसाहेबांचा पुतण्या रविराज याची निवड झाली. तो पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेला होता आणि त्याचा हातही खरोखर चांगला होता. पुतण्या असूनही त्याला काम येत होतं, हा निव्वळ योगायोग.

भांडण लागलं ते झेलणाऱ्यांवरून. कारखान्याच्या सभासद गावांचे सहा गट, तेव्हा प्रत्येक गटाचा एक झेलणारा असणार हे उघडच होतं. सातवा कर्मचाऱ्यांच्या कोट्यातून. पण सातजण पळत असताना चेंडू टाकायचा कुणाकडं? पहिल्याच सरावात रविराजने लागोपाठ तीन चेंडू एकाच गटाच्या पोराकडं टाकले. त्या संध्याकाळी पाच संचालकांनी लेखी हरकत घेतली. पिंपळी गटाचे तात्याबा तर टेबलावर हात आपटून म्हणाले, ''आमच्या गटाचा चेंडू पळवायचा धंदा चाललाय ह्यो! आमच्या उसाचं टनेज काय कमी हाय व्हय?''

तेव्हा चेअरमनसाहेबांना महिपतराव आठवले.

महिपतरावांनी कारखान्याच्या शेतकी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि ते नुकतेच निवृत्त झाले होते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, तो नंबर ठरवायचं काम त्यांचं. लागणीच्या तारखेप्रमाणे यादी, आणि यादीप्रमाणे तोडणी. उशीर झाला की उसाचं वजन घटतं, त्यामुळे हंगामात महिपतरावांच्या दारात आमदाराच्या दारात नसतील एवढी माणसं. कुणी कोंबडी घेऊन यायचं, कुणी भाचीचं लग्न काढलंय म्हणून सांगायचं, एकजण तर कोयता घेऊन आला होता. महिपतराव सगळ्यांना चहा पाजायचे आणि नंबर कुणाचाही हलवायचे नाहीत. सख्ख्या मेव्हण्याच्या उसाला तुरे आले, मेव्हण्याने बोलणं टाकलं, तरी नाही. आणि कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून स्वतःचा ऊस ते दरसाल सगळ्यांच्या शेवटी तोडायचे, एप्रिलच्या उन्हात वाळून त्याचं चिपाड झाल्यावर. माणूस खरंच सरळ होता. त्यांची टिंगल करताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

तर अशा माणसाला संघाचा मॅनेजर केलं. त्यांना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ते कुणीच विचारलं नाही. आठवड्याभरात महिपतरावांनी यादी आणली. एक ते सहा, सहा गट. ज्याचा नंबर, त्याच्याकडंच चेंडू. आणि कारखान्याचाच नियम इथंही: एकाचा ऊस तुटल्याशिवाय दुसऱ्याच्या फडात कोयता लागत नाही. म्हणजे ज्याचा नंबर त्याने चेंडू झेलेपर्यंत यादी पुढं सरकायची नाही. शिवाय मागाहून तक्रार नको म्हणून मैदानाच्या कडेला उभं राहून महिपतराव प्रत्येक प्रयत्नाआधी एक पत्र्याची पाटी वर धरायचे. पाटीवर नंबर, ठळक, पांढऱ्या रंगात. संचालकांना दिसावा म्हणून. तो समोरच्या संघालाही दिसायचा.

सातव्या नंबरावर होता बिरदेव. महिपतरावांचा मुलगा.

बिरदेव तेवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला. बोलायला कमी आणि पळायला असा, की लहानपणी भवानीनगरच्या रस्त्यावर पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसायची तेव्हा दोन ट्रॉल्या एकदम आल्या तर हा दोन्हींतून उपसायचा. त्याच्या हाताला लागलेली गोष्ट सुटत नसे. सरावात रविराजने लांब फेकलेला चेंडू तो खांद्यावरून मागं न बघता घ्यायचा. खरं म्हणजे त्याचा नंबर पहिला लागायला हवा होता. नोंदणीत त्याचं नावही सगळ्यांच्या आधी आलं होतं. पण पोरगा मॅनेजरचा. म्हणून महिपतरावांनी स्वतःच्या हाताने तो शेवटी टाकला. बिरदेवला घरच्या उसाची सवय होती.

कोच अमेरिकेतून मागवला होता. वॉल्टर नाव, ओहायोचा, अंगाने मळणीयंत्राएवढा. आल्याआल्या त्याचे चौदा गावांत सत्कार झाले. पहिला नारळ हातात पडला तेव्हा हा इथला सरावाचा चेंडू असावा असं समजून त्याने तो तात्याबांकडं फेकला. तात्याबा कसेबसे वाचले. पहिल्या सामन्यात महिपतरावांनी पाटी वर धरली तेव्हा वॉल्टर धावतच त्यांच्याकडं आला. रविराजने मध्ये उभं राहून दोघांचं एकमेकांना सांगितलं.

''साहेब म्हणतोय, आबा, चेंडू कुणाकडं जाणार हे तुम्ही शत्रूला का सांगताय?''

''त्येला म्हणावं, लपवायला आपून काय चोरी करतोय का? कारभार कसा उघडा पायजे.''

रविराजने ते सांगितलं. वॉल्टर बाकावर जाऊन बसला.

बुल्सने तो सामना बेचाळीस-शून्य असा गमावला. दुसरा एक्कावन्न-तीन. नंबर एकच्या पोराकडं चेंडू जाणार हे समोरच्यांना पाटीवरून कळलेलं. ते तिघंतिघं त्याला घेरून उभे. इतर पोरं मोकळ्या रानात हात हलवत पळायची आणि रविराज दात खाऊन त्या घोळक्यात चेंडू टाकायचा. प्रत्येक पराभवानंतर कारखान्याच्या विश्रामगृहात चिंतन बैठक व्हायची. चिंतनाला भजी आणि चहा असायचा. पहिल्या पराभवाचं कारण पंच निघाले, दुसऱ्याचं ऊन, तिसऱ्याचं बूट. चौथा सामना फक्त एकवीस गुणांनी गेला तेव्हा तो नैतिक विजय ठरवून फटाके वाजवले. स्थानिक पेपरात दर सोमवारी एकच मथळा यायचा, 'बुल्सची झुंज अपयशी'. छापणाऱ्याने तो जुळवूनच ठेवला असावा.

आणि दर बैठकीच्या शेवटी चेअरमनसाहेब विचारायचे, ''चेंडूवाटपाबाबत कुणाची तक्रार?''

कुणाची नसायची. महिपतराव मान खाली घालून, पण मनातून फुगून, चहा प्यायचे.

सहा सामन्यांत पाच झेल झाले, म्हणजे पाच नंबर उरकले. सातव्या सामन्यापासून नंबर सहा लागला, पिंपळी गट, तात्याबांचा नातू सोपान. सोपान मनाने लोण्यासारखा पोरगा, वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि कुठलीही वस्तू त्याच्या दिशेने येऊ लागली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. सातव्या, आठव्या आणि नवव्या सामन्यात मिळून त्याच्याकडं एकशे चार चेंडू टाकले. ते त्याच्या हेल्मेटवर लागले, छातीवर लागले, पाठीवर लागले. एक गुडघ्याला लागून उलट रविराजकडं परत आला. हातात एकही बसला नाही.

नवव्या सामन्यानंतर सोपान स्वतःच महिपतरावांकडं आला. त्याच्या अंगावर जागा सापडेल तिथं निळं पडलं होतं.

''काका, माझा नंबर काढून टाका की. बिरदेवकडं टाका. तो घेतोय.''

''तसं कसं करता यील? नंबर तुझा एकट्याचा हाय व्हय? गटाचा हक्क हाय त्यो.''

''पर मला भ्या वाटतंय हो त्या चेंडूचं.''

''वाटू दे. हक्क सोडायचा नसतो,'' महिपतराव म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवायला गेले. सोपान कळवळला.

वॉल्टर तोवर गेला होता. सहाव्या पराभवानंतर त्याने शाल आणि नारळ घेतला आणि तो चालता झाला. हैदराबादच्या संघाने त्याला लगेच उचललं. पण जायच्या आधी तो बिरदेवला आणि महिपतरावांना बाजूला घेऊन गेला होता. रविराजने सांगितलं ते असं: हा पोरगा मी उद्या नेतो. तीन वर्षांचा करार, राहणं-खाणं संघाचं, खरं शिक्षण. पण माझा मालक कागद बघतो. लीगच्या कागदावर या पोराच्या नावापुढं झेलांच्या रकान्यात शून्य आहे. शून्याच्या पोराला तो घेणार नाही. एक, फक्त एक झेल त्या कागदावर येऊ द्या.

बिरदेवने त्या वेळी बापाकडं बघितलं होतं. महिपतराव म्हणाले होते, ''नंबर लागंल की. सोपानचा एक झेल झाला, की ह्येचाच.'' त्यानंतर तीन सामने महिपतरावांनी मैदानाच्या कडेला उभं राहून सोपानसाठी जेवढा देवाचा धावा केला, तेवढा बिरदेव जन्मला तेव्हाही केला नव्हता.

आता एकच सामना उरला होता. बारामतीत, हैदराबादविरुद्ध. वॉल्टर येणार होता, त्याचा मालकही येणार होता.

त्या रविवारी सकाळी महिपतरावांच्या घरी कौसल्याबाईंनी नवऱ्यासमोर ताट ठेवलं आणि ताटाशेजारी स्वतःही बसल्या. एरवी त्या बसत नसत.

''एक इचारू का?''

''इचार.''

''लगीन होऊन आले तवापासनं बघते. दरसाल आपला ऊस समद्यांच्या मागनं. लोकांचा रस, लोकांचं वजन, आन् आपलं चिपाड. मी कधी तोंडातनं सबूद काढला का?''

महिपतराव भाकरी मोडत राहिले.

''न्हाय काढला. पर उसाचं चिपाड झालं तर पुढल्या साली दुसरा ऊस येतो. पोराचं बी चिपाड करनार हाय का तुमी?''

महिपतराव पाणी प्यायले. त्यांना पोराचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. महिनाभर त्यांना झोपेतही तो शून्याचा रकाना दिसत होता. बापाला वाटतं ते सगळं त्यांना वाटत होतं. फक्त त्यासाठी नंबर मोडायचा असतो, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं.

''आज टाकतो,'' ते हळूच म्हणाले. ''एक चेंडू टाकतो त्येच्याकडं.''

कौसल्याबाईंनी ताटात गुळाचा खडा वाढला.

सामन्याला गर्दी बऱ्यापैकी होती. पराभव बघायलाही लोक येतात, आणि बुल्सकडून तो हमखास मिळायचा. आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांनी पाहुण्या संघाला मटणाचं जेवण घातलं होतं. त्यात काही डाव होता असं कुणी समजू नये, तो निव्वळ पाहुणचार होता. पण रस्सा बारामतीचा आणि पोटं परमुलखातली, त्यामुळे हैदराबादची निम्मी पोरं सारखी मैदानाबाहेर पळत होती. एवढ्या मदतीवर सामना शेवटाला आला तेव्हा फरक फक्त चार गुणांचा उरला होता, सात-तीन. बुल्सचे तीन गुण एका पैलवानाने चेंडूला लाथ घालून मिळवलेले. आता मिनिटभर वेळ, बुल्सकडं चेंडू आणि शेवटचा प्रयत्न. रेषेपलीकडं एक झेल झाला असता तरी बुल्स आयुष्यातला पहिला सामना जिंकले असते.

मागं मांडवात सोफ्यांवर संचालक मंडळ बसलं होतं. तात्याबा उभेच होते. ''सोपान्या, डोळं उघडं ठेव!'' असं ते ओरडत होते.

रविराज पाणी प्यायला कडेला आला. महिपतराव त्याच्याजवळ गेले.

''रविराज,'' ते म्हणाले, ''मी पाटी सहाचीच धरनार हाय.''

''बरं, आबा.''

''तू... सातला टाक.''

रविराजच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्याला कळलं ते महिपतरावांना अजून कळलं नव्हतं. नऊ सामने पाटीवर जे लिहिलं तेच घडलं होतं. सगळ्या लीगमध्ये त्या पाटीएवढी खात्रीची गोष्ट दुसरी नव्हती. आज ती पहिल्यांदा खोटं बोलणार होती, आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारा मैदानात कुणीही नव्हता. महिपतरावांनी अठ्ठावीस वर्षांच्या सचोटीतून नकळत असा डाव तयार केला होता, जो वॉल्टरच्या बापालाही सुचला नसता.

महिपतरावांनी पाटी उचलली. सहा.

हैदराबादचे पाचजण सोपानवर तुटून पडायला निघाले. सोपानने डोळे मिटले. रविराजने दोन पावलं मागं घेतली आणि चेंडू उजव्या बाजूला, उंच, लांब फेकला. तिथं बिरदेव एकटाच पळत होता. त्याच्या आजूबाजूला वीस वारांत माणूस नव्हतं. गर्दी उठून उभी राहिली. वॉल्टरने हैदराबादचा कोच असूनही टोपी काढून हातात धरली. चेंडू वर होता, खाली येत होता, आणि बिरदेव बरोबर त्याच्या खाली, रेषेच्या पलीकडं पोचत होता.

''आरं ए!'' मागून तात्याबांचा आवाज आला. ''नंबर आमचा हाय! महिपतराव, नंबर कुणाचा हाय?''

महिपतरावांनी वर बघितलं. हातात पाटी होती, पाटीवर सहा होता, आणि चेंडू सातकडं चालला होता. मागं सगळं संचालक मंडळ उठून उभं राहिल्याचं त्यांना जाणवलं. अठ्ठावीस वर्षं ज्या आवाजाने त्यांनी बांधावरच्या माणसांना रोखलं होतं, तो आवाज त्यांना न विचारता तोंडातून बाहेर पडला.

''बिरदेवाऽ! सोड! नंबर तुझा न्हाय!''

बिरदेवचे हात खाली होते. चेंडू त्याच्या छातीजवळून गेला, हिरवळीवर आपटला आणि दोन उड्या मारून निपचित पडला.

शिट्टी वाजली. फक्त मांडवातून टाळ्या येत होत्या. तात्याबा टाळ्या वाजवत होते, मग सगळेच संचालक वाजवू लागले. ''वा, महिपतराव! पोटच्या पोराला बी सोडलं न्हाय!'' चेअरमनसाहेब स्वतः उतरून आले आणि त्यांनी महिपतरावांना मिठी मारली. महिपतरावांच्या हातातली पाटी दोघांच्या मध्ये अडकली.

वॉल्टर रविराजकडं गेला आणि त्याने काहीतरी विचारलं. रविराजने महिपतरावांच्या हातातल्या पाटीकडं बोट दाखवलं.

हैदराबादच्या मालकाने ठरल्याप्रमाणे कागद मागवले. बिरदेवच्या नावापुढं शून्य होतं, तेव्हा त्याच्यावरून त्याने नजर पुढं सरकवली. पण एका नावावर त्याचं बोट थांबलं. ज्या पोराकडं चार सामन्यांत एकशे तीस वेळा चेंडू टाकावासा एका संघाला वाटतो, तो त्या संघाचा हिराच असला पाहिजे, असा त्याने हिशेब केला. वॉल्टरने डोकं धरलं, परोपरीने सांगितलं. पण मालक तो मालक, आणि या बाबतीत हैदराबाद काय नि नीरामाई काय, सारखंच. सोपानला तीन वर्षांचा करार मिळाला. त्याला ती बातमी सांगितली तेव्हाही त्याने डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात हंगामाची सांगता झाली. कारखान्याच्या आवारात मांडव, बँड, जेवण. सोपानला हार घालून उघड्या जीपमधून पिंपळीपर्यंत मिरवायचं ठरलं होतं. चेअरमनसाहेबांचं भाषण तासभर चाललं.

''हार-जीत होतच असती,'' ते म्हणाले. ''हरलो तर हरलो. पर दहा सामन्यांत एका बी सभासदाची तक्रार न्हाय! देशात असा दुसरा संघ दाखवा. ह्यो हंगाम बिनतक्रार पार पाडला, त्यो ह्या माणसानं!''

महिपतरावांना शाल दिली, नारळ दिला आणि पुढचा हंगामही तुमच्याकडंच, असा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. ते दोन शब्द बोलायला उठले आणि ''आभारी हाय'' एवढंच म्हणून बसले. लोकांना त्यांचा विनय आवडला.

दुपारी बिरदेव त्यांना मोटारसायकलवरून घरी घेऊन निघाला. दोन्ही बाजूला उभा ऊस, समोरून भरलेल्या ट्रॉल्या. आठवडाभर बापलेकांत कामापुरतंच बोलणं झालं होतं. नारळ मांडीवर धरून महिपतराव मागं बसले होते. कॅनॉलच्या पुलावर ट्रॉल्यांची रांग लागली आणि गाडी थांबवावी लागली, तेव्हा त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

''बिरदेवा, चुकलं माझं.''

बिरदेवने गाडी वीतभर पुढं घेतली.

''मीच रविराजला सांगितलं हुतं, तुझ्याकडं टाक म्हणून. खरंच सांगितलं हुतं. आन् मीच वरडलो. माझ्यामुळं तुझा घास गेला. मी वरडलो नसतो, तर तू झेलला असतास.''

बिरदेवने गाडी बंद केली. तो मागं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर महिपतरावांना बरं वाटलं असतं.

''न्हाय, आबा,'' तो म्हणाला. ''तुमी वरडला त्येच्या आधीच मी हात खाली घेतलं हुतं.''

''का रं?''

''नंबर माझा नव्हता.''

मागून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. रांग सुटली होती. बिरदेवने किक मारली आणि गाडी पुढं काढली, आणि महिपतरावांनी घर येईपर्यंत पोराच्या खांद्यावरचा हात काढला नाही.